शौचाची चाचणी की दुर्बीण?

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा अस्तरावर उगवलेल्या ॲडेनोमा जातीच्या पॉलिपमधून, म्हणजे छोट्या गाठीतून, होतो, आणि पेशींची ठेवण बिघडू लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारणपणे १० वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. आपल्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा समावेश आहे, आतड्याचा नाही. त्यामुळे शौचाची चाचणी करायची की दुर्बिणीने तपासायचे, हा निर्णय पंचेचाळिशी ओलांडलेल्या निरोगी माणसाला स्वतःच घ्यावा लागतो.

फिट नावाची शौचाची चाचणी अगदी सोपी आहे. खाचा असलेली काडी शौचावर दोन-चार ठिकाणी फिरवून द्रवाच्या नळीत बंद केली की घरचे काम संपते. ही चाचणी मानवी रक्तातील ग्लोबिन हे प्रथिन शोधत असल्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्ले तरी बिघडत नाही. मात्र रक्तस्राव झाला नसेल तर तिला काहीच दिसत नाही, आणि सुरुवातीचे पॉलिप, विशेषतः उजव्या बाजूचे चपटे, क्वचितच रक्त सोडतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १०,००० लोकांच्या अमेरिकी अभ्यासात फिटने ७४ टक्के कर्करोग ओळखले, पण वाढलेल्या कर्करोगपूर्व गाठींपैकी २४ टक्केच. म्हणून ती दरवर्षी करावी लागते.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीत, डॉक्टर पॉलिप नुसता पाहत नाहीत, तारेच्या फासात पकडून तो तिथेच काढतात, आणि पेशी किती बिघडल्या आहेत हे पॅथॉलॉजीच्या अहवालातून कळते. सगळे ठीक निघाले तर पुढची तपासणी १० वर्षांनी. खरा त्रास आदल्या रात्रीचा: पावडर घातलेले खारट पाणी लिटरच्या हिशेबाने प्यायचे आणि शौच पिवळसर पाण्यासारखे स्वच्छ होईपर्यंत फेऱ्या मारायच्या. यात कसूर झाली तर उत्तम दुर्बिणीलाही लहान पॉलिप दिसत नाही. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो; तो दर १०,००० तपासण्यांमागे काही मोजक्या जणांपुरता असला, तरी शून्य नाही.

कर्करोगाआधीचा बदलच पकडायचा असेल, तर माझा कौल दुर्बिणीला आहे. पण तिची तारीख वर्षानुवर्षे पुढे ढकलणाऱ्याने या आठवड्यात फिट करून घेणे अधिक शहाणपणाचे. ती पॉझिटिव्ह आली, तर 'मूळव्याध असेल' म्हणून पुन्हा फिटच करत बसू नये, कोलोनोस्कोपी करावी. शौचातून रक्त जात असेल, कारण न सापडणारा पंडुरोग असेल किंवा आईवडील-भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. थेट पोटविकारतज्ज्ञांकडे जावे.