एफ-झिरो: एएक्सच्या मागे लागावं की जीएक्स घ्यावा?

एफ-झिरो ही निंटेंडोची भन्नाट वेगाच्या शर्यतींची गेममालिका. त्यातला एएक्स हा आर्केडवरचा, म्हणजे गेमझोनमधल्या मोठ्या यंत्रावरचा (कॅबिनेट) गेम, आणि जीएक्स हा गेमक्यूब या निंटेंडोच्या घरगुती कन्सोलवरचा, दोन्ही 2003 चे. सेगा या गेम कंपनीच्या अम्यूझमेंट व्हिजन या विभागाने ते निंटेंडोच्या साथीने केले. आर्केड यंत्राच्या आतला ट्रायफोर्स नावाचा सर्किट बोर्ड मुळात गेमक्यूबवरच बेतलेला, त्यामुळे घरी खेळताना चित्रात किंवा वेगात हातचं राखलेलं नाही: एका शर्यतीत 30 गाड्या, सेकंदाला 60 फ्रेम, काटा ताशी हजार किलोमीटरच्या पार.

एएक्सची मजा अंगाला कळते. हातात स्टिअरिंग, पायाखाली पेडल, डीलक्स कॅबिनेटमध्ये तर आसनच कलतं. पण ट्रॅक सहाच, आणि चेकपॉइंट वेळेत गाठला नाही की खेळ संपला. नागपूरच्या मॉलमधल्या गेमझोनांत मला तो आजवर दिसलेला नाही. जपानला जाणं झालं तर जरूर शोधा.

खरा गेम मात्र जीएक्स आहे, असं मी ठामपणे म्हणेन. पहिला लॅप संपला की बूस्ट, म्हणजे वेगाचा जादा झटका, हाती येतो, पण तो खर्च होतो गाडीच्या ऊर्जेतून. त्याच ऊर्जेवर गाडी तग धरून असते. दुसऱ्या लॅपला सढळ हाताने बूस्ट मारला, तर शेवटच्या वळणावर कठड्याला नुसतं घासलं तरी गाडीचा स्फोट होऊ शकतो. हात आखडता घेतला तर पुढचे सात-आठ जण निसटतात. मध्ये ऊर्जा भरून देणारा पट्टा येतो. तो येईपर्यंत किती उधळायचं, हे प्रत्येक ट्रॅकवर नव्याने शिकावं लागतं. इतका नेमका तोल मला दुसऱ्या कुठल्याही रेसिंग गेममध्ये सापडलेला नाही.

शिवाय एएक्सचे सहाही ट्रॅक यात आहेत, ते धरून एकूण 26. चारही कप, म्हणजे शर्यतींच्या मालिका, मास्टर या सर्वांत कठीण पातळीवर जिंकले की ते सहा उघडतात. काम कठीण आहे, पण कॅबिनेट न शोधता होतं.

घ्यायचा कसा? निंटेंडो स्विच 2 असेल तर ऑनलाइन सदस्यत्वाच्या एक्सपान्शन पॅकमध्ये जीएक्स 2025 पासून मिळतो. साध्या स्विचवर नाही. दुसरी वाट निंटेंडोच्याच जुन्या वी (Wii) कन्सोलची, गेमक्यूबची डिस्क घालून. वी घेताना गेमक्यूब कंट्रोलरची भोकं आहेत ना, हे दुकानातच बघा. नंतरच्या मॉडेलांमधून ती काढून टाकली होती. खेळ साठवायला गेमक्यूबचं मेमरी कार्डही लागेल.

भावंडं असतील तर विचारच नको. मे महिन्याच्या दुपारी नागपुरात बाहेर पाय टाकवत नाही, आणि जीएक्स एका टीव्हीवर चौघांना खेळता येतो.

सुरुवात रूबी कपने, नोव्हिस या सर्वांत सोप्या पातळीवर करा. स्टोरी मोडची घाई नको. कोसळत्या दगडांतून गोरोह या प्रतिस्पर्ध्याशी होणारी त्यातली दुसरीच शर्यत नवख्याला रडवते.