पाच फुटी टँकमध्ये काय ठेवायचं: एंजल, आफ्रिकन सिक्लिड, ऑस्कर की रेनबो?

पाच बाय दोन बाय दोन फुटाचा टँक म्हणजे हिशोबाने ५६६ लिटर, त्यातून वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली तरी पाचशेच्या आसपास पाणी राहतं. एवढा टँक घेतला की दुकानदार हमखास म्हणतो, "सगळं चालेल साहेब, मोठा टँक आहे ना", आणि लोक दोन ऑस्कर, चार एंजल, एक डझन निऑन, दोन गोल्डफिश आणि काच साफ करायला एक सकर असं सगळं एकाच दिवशी घेऊन येतात. दोन महिन्यांत निऑन दिसेनासे होतात, मग एंजलचे पंख फाटतात, आणि शेवटी ऑस्कर आणि सकर एवढेच उरतात. टँक मोठा असला म्हणून पाण्याचा गुण बदलत नाही आणि माशाचं तोंडही लहान होत नाही, हे आधी डोक्यात बसलं पाहिजे.

माझं ठाम मत असं आहे की मासे आवडीने निवडायच्या आधी घरात येणारं पाणी बघा. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणाचं पाणी येतं, पुण्याला खडकवासल्याचं, हे पावसाचं साठवलेलं पाणी, मऊ म्हणजे क्षार कमी असलेलं असतं, आरओवाल्याच्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बहुधा शंभराच्या आसपासच आकडा दाखवतं. तेच वाघोली, हिंजवडी किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही बोअरच्या घरी मोजलं तर आकडा पाचशेच्या पुढे जाणं सहज शक्य आहे, आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल तर मीटरचीही गरज नाही, पाणी जड आहे. टीडीएस म्हणजे नेमका जडपणा नव्हे, पण अंदाज येतो, आणि शे-दोनशे लिटर पाणी दर आठवड्याला बदलायचं असतं तेव्हा त्या पाण्याशी वर्षानुवर्षं झगडत बसणं कुणालाच जमत नाही. मासा पाण्याप्रमाणे निवडायचा.

आता एकेक बघू.

एंजल आणि त्यांच्यासोबत टेट्रा (थव्याने फिरणारे छोटे मासे), कोरी (तळाशी राहणारे छोटे मासे) हा ॲमेझॉन खोऱ्यातला मेळ, मऊ पाण्याच्या घरात माझी पहिली पसंती हीच. २६ ते २८ डिग्री पाणी, झाडं, लाकूड, हलका प्रवाह, आणि दोन फूट उंचीचा टँक एंजलसाठी खरोखर कामाला येतो कारण वाढलेला एंजल पंखांसकट आठ इंच उंच होतो. यात लोक चुकतात ते निऑन टेट्रापाशी. निऑन मोठा होऊनही दीड इंचाचाच, अंगाने बारीक, आणि एंजल हा शेवटी सिक्लिडच आहे (ऑस्कर, म्बुना याच कुळातले), जे तोंडात मावतं ते खातो, बऱ्याचदा रात्री टँकचा लाइट बंद झाल्यावर. त्याऐवजी अंगाने रुंद टेट्रा घ्या, ब्लीडिंग हार्ट किंवा काँगो (काँगो आफ्रिकेचा आहे पण पाणी आणि स्वभाव दोन्ही जमतात), वीस-पंचवीसचा रमी नोजचा थवाही चालतो, फक्त एंजल लहान असतानाच रमी नोज पूर्ण वाढलेले हवेत. सर्पे टेट्रा आणि टायगर बार्ब मात्र अजिबात नको, लांब लोंबणारे पंख दिसले की हे कुरतडतात. खाली स्टेरबाय कोरी, कारण बाकीचे बरेच कोरी एवढ्या गरम पाण्यात दमतात, आणि त्यांच्या मिशा शाबूत राहाव्यात म्हणून बारीक वाळू हवी, धारदार खडी नको.

एंजलची एक गोष्ट कुणी विकत देताना सांगत नाही. सहा लहान एंजल आणले की वर्षभरात त्यातून एखादी जोडी जमते, आणि जमली की ती जोडी एखादं रुंद पान नाहीतर फिल्टरचा उभा पाइप निवडते, दोघं मिळून तो तोंडाने घासून स्वच्छ करतात, मादी खालून वर सरकत एका ओळीत अंडी चिकटवत जाते आणि नर तिच्या मागोमाग. बघायला फार सुंदर, पण त्या दिवसापासून बाकीचे सगळे मासे टँकच्या दुसऱ्या टोकाला कोंबले जातात. पाच फुटात त्यांना पळायला जागा असते, तीन फुटात नसते, मोठ्या टँकचा खरा फायदा हा. तरी उरलेल्या चारांसाठी घर शोधून ठेवा.

जड पाणी असेल तर मलावी लेकचे म्बुना, म्हणजे दुकानातले आफ्रिकन सिक्लिड. त्यांना पीएच ७.८ ते ८.६ लागतो, जे बोअरचं पाणी एंजलवाल्याला त्रास देतं तेच यांना मानवतं, आणि गोड्या पाण्यात समुद्री माशांसारखे पिवळे-निळे रंग हवे असतील तर दुसरं काही त्याच्या जवळपास जात नाही. पण हे मासे भांडतात, सतत भांडतात, आणि यावर उपाय उलटा आहे, कमी मासे नाही तर जास्त मासे. पाच फुटात पंचवीस-तीस, एका नरामागे तीन-चार माद्या, म्हणजे एकट्यालाच गाठून मारणं नराला जमत नाही. शिवाय दगडांच्या कपारी भरपूर, आणि दगड आधी तळाशी नीट टेकवून मग वाळू टाकायची, कारण हे तोंडात वाळू भरून भरून खड्डे करतात आणि वाळूवर ठेवलेला दगड घसरून काचेवर येऊ शकतो. यलो लॅब त्यातल्या त्यात शांत, त्यापासून सुरुवात करा. ऑरॅटस आणि केनयी पिल्लं असताना दुकानात सगळ्यात देखणे दिसतात, मोठे झाल्यावर सगळ्यात मारकुटे तेच. डेमासोनी घ्यायचे तर बारा-पंधरा तरी घ्या, चार-पाच घेतले तर शेवटी एकच उरतो.

म्बुनांचं खाणंही वेगळं, हे दगडावरचं शेवाळ खाणारे, स्पिरुलिनावालं खाद्य द्यायचं. ब्लडवर्म वगैरे मांसाहारी खाद्याचा मारा केला की पोट फुगून मरतात, या आजाराला मलावी ब्लोट म्हणूनच ओळखतात. त्यामुळे म्बुना आणि पीकॉक एकत्र ठेवू नका, दोघं एकाच तळ्याचे असले तरी पीकॉकला प्रथिनं जास्त लागतात आणि भांडणात तो नेहमी मागे पडतो. आणि तीस मासे म्हणजे घाणही तेवढीच, फिल्टर दुप्पट ताकदीचा हवा. जिथे लाइट तीन-चार तास जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप असल्याशिवाय म्बुना घेऊ नका, एवढ्या गर्दीत ऑक्सिजन लवकर संपतो.

ऑस्करबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण सगळ्यात जास्त हाल याच माशाचे होतात. मासा अप्रतिम आहे, माणूस ओळखतो, काचेजवळ येतो, हातातून खातो, आणि दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. पण दुकानात दोन इंचाचा दिसणारा हा मासा सुरुवातीला महिन्याला जवळपास इंचभर वाढतो आणि फूटभर होतो. पाच फुटी टँकमध्ये दोन ऑस्कर, आणि सोबतीला पाच-सहा सिल्व्हर डॉलर, बस, टँक भरला. सिल्व्हर डॉलर अंगाने गोल आणि रुंद असल्यामुळे तोंडात मावत नाहीत, आणि थव्याने पळत असल्यामुळे ऑस्कर त्यांच्या नादी लागत नाही. झाडं विसरा, उपटून टाकतो, आणि सिल्व्हर डॉलर उरलेली खातात. हीटरलाही धडका देतो म्हणून गार्ड लावा किंवा हीटर संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवा. खाताना पेलेट चावून अर्धा चुरा कल्ल्यांतून बाहेर सोडतो, तो कुजतो, त्यामुळे आठवड्याला निम्मं पाणी बदलायची तयारी हवी. पाण्याच्या बाबतीत मात्र तो फार चिकित्सा करत नाही, बोअर काय, कॉर्पोरेशन काय, निभावून नेतो. म्हणजे ज्याला माशांचा थवा नको, दोन पाळीव जनावरं हवी आहेत त्याच्यासाठी ऑस्कर, बाकीच्यांनी मोह टाळा.

चौथा पर्याय कुणी फारसा सुचवत नाही आणि मला तो सगळ्यात सोयीचा वाटतो: रेनबो. बोसेमनी रेनबो, मूळ न्यू गिनीच्या पश्चिम भागातल्या आयामारू तळ्यांचा, चार इंच, पुढचा अर्धा भाग निळसर आणि मागचा नारिंगी. लहानपणी करडाच असतो म्हणून दुकानात कुणी बघत नाही, सहा-आठ महिने थांबावं लागतं. सकाळी लाइट लागल्यावर नर एकमेकांसमोर पंख ताणून उभे राहतात तेव्हा कपाळावर एक उजळ पट्टा पेटल्यासारखा येतो आणि क्षणात जातो. भांडण एवढंच, इजा कुणाला नाही. मध्यम ते जड पाणी आवडतं, झाडं खात नाहीत, दहा-बारा एकत्र ठेवले की पाच फुटाची लांबी पोहायला पूर्ण वापरतात. झाकण मात्र घट्ट हवं, उड्या मारतात.

यांच्यासोबत डेनिसन बार्ब छान दिसतात, लाल पट्ट्याचे, आपल्याच पश्चिम घाटातले, केरळ आणि दक्षिण कर्नाटकच्या नद्यांमधले. नदीत हा मासा आता धोक्यात आहे, तेव्हा ब्रीड केलेलेच मागा आणि विचारून घ्या. दुसरं म्हणजे त्यांना थंड, ऑक्सिजनवालं पाणी लागतं. २५ डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला तो ७.३ वर येतो, आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात टँक ३२ च्या वरही जातो. पाण्यावर पंखा लावला तर कोरड्या हवेत दोन-तीन डिग्री उतरतात, मुंबईच्या दमट हवेत तेवढं होत नाही. विदर्भात चिलर नसेल तर डेनिसन नको, नुसते रेनबो ठेवा.

गोल्डफिशचं थोडक्यात: त्यांना १८ ते २२ डिग्री बरं वाटतं, म्हणजे वरच्या बहुतेकांशी जमत नाही. ठेवायचे तर फक्त तेच, आणि सकर तर मुळीच सोबत नको, रात्री तो त्यांच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो. तसाही साधा सकर दीड फुटापर्यंत जातो, काचेसाठी ब्रिसलनोज घ्या, तो पाच इंचावर थांबतो. "शार्क" म्हणून विकतात तो पंगास तीन फुटांच्या वर वाढतो, आणि "पिरान्हा" म्हणून दिलेला बरेचदा पाकू असतो, म्हणजे मासळी बाजारातला रूपचंद. दोन्ही घरच्या टँकचे मासेच नाहीत. आणि वाढले म्हणून नदीत, तळ्यात सोडून देऊ नका, सकरने असंच आपल्याकडच्या पाण्यात बस्तान बसवलंय.

तर निवड कशी करायची? वर्षभर कॉर्पोरेशनचं मऊ पाणी असेल तर एंजलचा मेळ. पूर्ण बोअर असेल आणि रोज थोडा वेळ द्यायची तयारी असेल तर म्बुना, नसेल तर रेनबो. आणि पुण्या-ठाण्याच्या बऱ्याच सोसायट्यांत असतं तसं, आठ महिने कॉर्पोरेशन आणि उन्हाळ्यात टँकर, म्हणजे पाणी वर्षाच्या मध्येच बदलणार असेल तर मी रेनबोच घेईन, नाहीतर आपल्याकडे वाढवलेले एंजल. कोलकाता किंवा चेन्नईच्या कोळत्तूर भागातल्या फार्मवर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले एंजल थोडं जड पाणी सोसतात, जंगली पकडलेले नाही सोसत. टँकरचं पाणी सुरू झालं की एकदम अर्धं बदलू नका, आठवड्यातून दोनदा दहा-दहा टक्के बदला, आणि क्लोरीन काढायचं औषध टँकरच्या पाण्यालाही टाका.

काहीही ठरवलंत तरी मासे आणायच्या आधी फिल्टर चार ते सहा आठवडे चालू राहू द्या, अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून पाण्यात होणारी, माशांना विषारी द्रव्यं) दोन्ही शून्य दाखवेपर्यंत. मग आधी थव्याने राहणारे, मग तळाचे, आणि हद्द सांभाळणारे एंजल किंवा ऑस्कर सगळ्यात शेवटी, तेही लहान असताना. म्बुनांचं उलट, ते शक्यतो सगळे एकाच वेळी सोडायचे, कारण आधी आलेला नर कपार धरून बसतो आणि नंतरच्याला जागा देत नाही. एकदम एवढे सोडायचे तर फिल्टरही आधीपासून तेवढा अमोनिया पचवायला तयार हवा. नवीन मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवूनच मोठ्यात टाका, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पाचशे लिटरमध्ये पसरला की औषधाचा खर्च माशांपेक्षा जास्त होतो.