क्राबीचा व्हिला, खताचं दुकान आणि १,४२,८७० रुपये

थायलंडमधल्या क्राबीला व्हिल्याच्या खोट्या बुकिंगमध्ये आमचे गेले १,४२,८७० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण शेवटी तोच विचारतो. त्यातले निम्मे, म्हणजे ७१,४३५, साडूंचे. साडू त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

"टूर कंपनीबरोबर का नाही गेलात?" हे ऐकून कान किटलेत, म्हणून एकदाच सांगतो. पहाटे साडेसहाला नाश्ता, सातला बस, खाली उतरा, फोटो काढा, वर चढा, हे आम्हाला नको होतं. समुद्राजवळ एक घर, मुलं पाण्यात, आपण निवांत. आणि मी डोळे झाकून गेलो नव्हतो. डिसेंबरात थायलंडच्या सामुई बेटाच्या बाजूला पाऊस लागू शकतो, अंदमान समुद्राची बाजू कोरडी असते, म्हणून क्राबी. तिथल्या आओ नांग किनाऱ्याला गर्दी फार, म्हणून थोडं वरचं क्लोंग मुआंग. एवढा अभ्यास करणाऱ्या माणसाला गंडा बसतो, तर "आम्हाला कोण फसवणार" म्हणणाऱ्यांनी थोडं जपून असावं.

माणूस भेटला प्रवासाच्या एका मराठी ग्रुपवर. मूळचा चिपळूणचा, बरीच वर्षं फुकेतला, असं स्वतःच सांगितलेलं. नंबर थायलंडचा, बोलणं अस्सल कोकणी हेलाचं. त्याने विकायची घाई अजिबात केली नाही. उलट मला म्हणाला, "दादा, फी फी बेटांवरच्या माया बेच्या समोर आता बोट लागत नाही, मागच्या लो सामा खाडीत उतरून चालत यावं लागतं. सासूबाईंना जमेल ना?" हे खरं आहे, मी तपासलं. "राष्ट्रीय उद्यानाची फी मोठ्या माणसाला ४०० बात (तिथलं चलन), ती तिथेच भरायची, मी त्यात हात घालत नाही." हेही खरं. ४०० बातला हात न लावणारा माणूस दीड लाखाला लावेल, असं कोणाच्या मनात येईल?

व्हिल्याचे फोटो मी गूगलवर टाकून ते मूळ कुठले हे शोधून पाहिलं होतं, हेही लिहून ठेवतो, कारण नंतर प्रत्येक शहाण्याने मला हाच सल्ला दिला. शोधल्यावर तोच व्हिला, त्याच जागी, चांगल्या अभिप्रायांसकट सापडला. सापडणारच! व्हिला खराच होता. फक्त त्याचा आणि या माणसाचा काडीचा संबंध नव्हता. फोटो खरे निघाले म्हणजे घर खरं, देणारा नव्हे. ज्या नंबरवर तुम्ही बोलताय तो त्या घराच्या मूळ पानावर आहे का, ते बघा. नसेल तर मूळ पानावरच्या माणसाला स्वतः मेल टाकून विचारा. मी ते केलं नाही, कारण मराठीत बोलणारा माणूस हाताशी होता.

आता पैशांचं. व्हिला ८७,०००. विमानतळावरून गाडी आणि फी फी बेटांची स्पीडबोट मिळून १८,४००. आणि त्यावर, हे नीट वाचा, ५ टक्के टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा कर, ५,२७०. भामटा कर लावतो का हो? परदेशी सहलीच्या पॅकेजवर त्या वेळी ५ टक्के टीसीएस होताच. "रिटर्न भरताना क्लेम करा दादा, फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा कराच्या तक्त्यात, दिसेल," हेही त्यानेच सांगितलं. त्या ५,२७० रुपयांनी माझी उरलीसुरली शंका मारली. पण टीसीएस जमा होतो पॅनवर, आणि पॅन त्याने मागितलाच नाही. पासपोर्टच्या सगळ्यांच्या प्रती मागितल्या, पॅन नाही. हा कर घेऊन पॅन न मागणारा माणूस दिसला की तिथेच थांबा.

आणि आता तो क्षण, जो रात्री अजूनही डोळ्यांसमोर येतो. क्यूआर स्कॅन केला, रक्कम टाकली ५०,०००, आणि पिन टाकायच्या आधी पडद्यावर खातेदाराचं नाव आलं. कोणत्याशा कृषी सेवा केंद्राचं. खतं-बियाण्यांचं दुकान! समुद्रकाठच्या व्हिल्याचे पैसे युरियाच्या दुकानाला. बायको शेजारीच भाजी निवडत बसली होती, तिला दाखवलंसुद्धा. ती म्हणाली, "विचारून घे." मी विचारलं. दोन मिनिटांत व्हॉइस मेसेज: "दादा, ते आमच्या सीएंच्या क्लायंटचं करंट अकाउंट आहे. थेट थायलंडला पाठवलंत तर कार्डावर साडेतीन टक्के फॉरेक्सचा भुर्दंड. तुमचेच पैसे वाचतात." हिशेब बरोबर होता. १,०५,४०० वर साडेतीन टक्के म्हणजे ३,६८९. आपल्या यूपीआयने थायलंडच्या बँकेत पैसे पाठवता येत नाहीत, त्यामुळे भारतातलं कुठलं तरी खातं लागणार, हेही पटलं. पिन टाकला. ते ३,६८९ रुपये वाचवले नसते, कार्डाने भरलं असतं, तर निदान चार्जबॅकची, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत घ्यायची, मागणी तरी करता आली असती. यूपीआयने स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे असे परत मागणं फार अवघड. पडद्यावरचं नाव आणि समोरचा माणूस जुळत नसेल तर स्पष्टीकरण मागूच नका. स्पष्टीकरण त्यांच्याकडे तयार असतं.

त्यानंतर ६०,६७०, मग "परत मिळणारं" डिपॉझिट २५,०००, आणि निघायच्या आठवड्यात थायलंडच्या डिजिटल अरायव्हल कार्डाचे माणशी १,२०० म्हणजे ७,२००. हे कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे आणि संपूर्ण फुकट आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर भरायचं, एक रुपया लागत नाही. पैसे मागणारी प्रत्येक साइट आणि प्रत्येक माणूस लुटारू समजा. गंमत म्हणजे त्याने आमची कार्डं खरोखर भरून दिली. विमानतळावर शिक्का व्यवस्थित पडला. तोपर्यंत मी साडूंना त्याचंच कौतुक ऐकवत होतो.

क्राबी विमानतळाबाहेर नावांच्या पाट्या घेऊन बरेच जण उभे होते, आमचं नाव कुठेच नव्हतं. मेसेजला एकच टिक. टॅक्सी करून व्हिल्यावर गेलो. एक बाई नळीने पायऱ्या धूत होती. आत कुणाची तरी मुलं पोहत होती, दोरीवर टॉवेल वाळत होते. मी मोबाईलवरचं बुकिंग दाखवलं. तिने नळी बंद केली, हात झग्याला पुसले, फोटो मोठा करून पाहिला आणि मग माझ्याकडे न बघता सासूबाईंसाठी आतून खुर्ची आणली. म्हणजे तिला हे नवीन नव्हतं. "इंडिया?" एवढंच विचारलं आणि मान हलवली.

नाताळाचा हंगाम. आओ नांगच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या, प्रत्येकी रात्रीला ३,९०० बात, म्हणजे अकरा हजारांच्या आसपास. हे वरच्या आकड्यात धरलेलं नाही. समुद्र छान होता म्हणे.

थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांचा ११५५ हा नंबर लागतो आणि इंग्रजीत बोलतात. त्यांनी पाणी दिलं, नोंद करून कागद दिला आणि सांगितलं, पैसे भारतातून भारतातल्या खात्यात गेलेत, तक्रार तिकडेच. बरोबरच होतं. खरा तमाशा आपल्याकडे.

१९३० वर, म्हणजे आपल्याकडच्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, डोंबिवलीतून भाच्याने फोन लावला. लागला तेव्हा पलीकडून प्रश्न, व्यवहार कधीचा? महिन्याभरापूर्वीचा. "मग इतके दिवस काय करत होतात?" अहो, सहलीची वाट बघत होतो! फसवणूक झाली हे पोचल्याशिवाय कळणार कसं? पैसे भरल्यापासून पहिल्या काही तासांत फोन करा म्हणतात, पण बुकिंगच्या फसवणुकीत ते तास आपण बॅगांची यादी करण्यात घालवतो, हे व्यवस्थेच्या डोक्यातच नाही. तरी सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवाच, तो पावती क्रमांक पुढे प्रत्येक खिडकीवर मागतात.

परतल्यावर पोलीस ठाणे. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, गुन्हा परदेशात घडलाय. मी म्हटलं, पैसे डोंबिवलीत सोफ्यावर बसून भरलेत. मग म्हणाले, खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, तिकडे जा. मग म्हणाले, तक्रार अर्ज देऊन जा, चौकशी करू. अर्जाला विचारतं कोण? हद्दीचं कारण सांगून गुन्हा नाकारता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. हे मी छापून नेलं तेव्हा साहेब हसले. "वकील आहात का?" नाही, लुटला गेलेला माणूस आहे. शेवटी ओळखीने नोंद झाली. ज्याला ओळख नाही त्याने काय करायचं, हे मला कुणी सांगावं.

बँक तर वरताण. "पिन तुम्ही स्वतः टाकलात सर." ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आपण न केलेल्या व्यवहारांसाठी होतं, मी केलेल्यासाठी नाही. ठीक, मान्य. पण मग ते खत दुकानाचं खातं उघडून देणाऱ्या बँकेची काही जबाबदारी? माझ्या आईला, वय ७८, केवायसीसाठी रिक्षाने शाखेत बोलावतात. आणि बियाणं विकणाऱ्या खात्यात देशभरातून हजारो रुपये येऊन तासाभरात निघून जातात, तेव्हा कुणाचीच घंटी वाजत नाही? या प्रश्नाला मला "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे" असा मेल आला. त्या खात्यात गोठवता आले ते ३,४१२ रुपये. तेवढे मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे टाकलंय.

पासपोर्टच्या प्रती मात्र अजून त्याच्याकडेच आहेत, त्याची धास्ती वेगळीच. तुम्हाला द्यायची वेळ आलीच तर प्रतीवर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला.

गेल्या आठवड्यात तोच व्हिला दुसऱ्या नावाने त्याच ग्रुपवर आला. बायकोने तिच्या नंबरवरून मेसेज टाकला. लगेच उत्तर: "किती जण आहात ताई? ज्येष्ठ कुणी बरोबर?" त्याचा स्क्रीनशॉट घेऊन मी त्याच दिवशी ठाण्यात गेलो. हे लेखी द्या, म्हणाले, दोन प्रतींत.