डोंगरातली मालकी पड: विकावी, करारावर राखावी की गावाने मिळून सांभाळावी?

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याला लागून पाटण, जावळी किंवा शिराळा तालुक्यात ज्यांची मालकी पड, म्हणजे न कसलेली, रान वाढलेली स्वतःची जमीन आहे, त्यांना लाकूड न तोडताही त्या रानातून काही मिळवता येईल का, हा येथे विचारात घेतलेला प्रश्न आहे.

दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्याने कुंपणातील वन्यप्राण्यांवर जमीनमालकाचा हक्क टिकतो, त्यामुळे तेथे प्राणी हेच उत्पन्न ठरले. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असले तरी रानातला गवा खातेदाराचा होत नाही; त्याच्या वाट्याला नुकसानीचा पंचनामा तेवढा येतो. म्हणून तो नमुना येथे बाजूलाच ठेवावा.

निसर्गप्रेमी खरेदीदाराला जमीन विकली तर रक्कम एकदम हाती येते. परंतु कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि सामाईक सातबाऱ्यावरील मुंबईकर हिस्सेदारांच्या सह्या जमवण्यातच वर्षे जातात. शिवाय पुढे त्या जागी रान राहील की बंगले उठतील, यावर विकणाऱ्याचा काहीही अधिकार उरत नाही.

गावाने मिळून शुल्क घेण्याची पद्धत कासला रुजली आहे. फुलांच्या हंगामात तेथे प्रवेश शुल्क घेतले जाते आणि भोवतालच्या गावांच्या समित्या व्यवस्था पाहतात. मात्र कासचे पठार वनखात्याचे आहे, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तेथे पाहण्यासारखे काही आहे. करवंदीच्या जाळीसाठी तिकीट कोण काढणार?

उरतो तो रान न तोडता राखण्याबद्दल एखाद्या संवर्धन संस्थेशी करायचा वार्षिक मोबदल्याचा करार, आणि बहुतेकांसाठी मला तोच बरा वाटतो. कोकणात संगमेश्वर भागात खासगी जंगले अशा करारांवर राखली गेली आहेत. यात एक अडचण आहे: कलम ६३ भाडेपट्ट्यालाही लागू होते, आणि जमीन खंडाने दिली की कूळ लागेल, म्हणजे घेणारा तिच्यावर हक्क सांगेल, ही भीती घरोघरी आहे. त्यामुळे ताबा स्वतःकडेच ठेवून, ठरावीक वर्षे तोड न करण्याबद्दल आणि वणवा अडवणारे जाळपट्टे काढण्याबद्दल मोबदला, असा मजकूर वकिलाकडून तपासून घ्यावा. रक्कम विक्रीच्या मानाने लहान असते, पण मुदत संपल्यावर निर्णय पुन्हा आपल्याच हाती येतो. वणवा लागल्यास हप्ता थांबणार की नाही, हेही त्यात स्पष्ट लिहून घ्यावे, कारण आग बहुधा शेजारच्या बांधावरून येते.