लेकरांसोबत नागपूर मेट्रो आणि बागा: गाडी उत्तम, खरी काळजी स्टेशन उतरल्यावर

दोन ते सात वर्षांचं लेकरू सोबत असेल, तर बागेच्या सहलीतला सगळ्यात बिनघोर भाग मेट्रोचा आहे. गाडी तीनच डब्यांची, आत गारवा, आणि रस्त्यावरच्या गर्दीशी संबंध नाही. जिना उतरून चौकात आलो की काळजी सुरू होते. म्हणून गाडीला आम्ही बिनदिक्कत चांगले गुण देतो. बागांचे गुण मात्र झोपाळे किती आणि कारंजी किती यावर न देता, स्टेशनपासून फाटकापर्यंत चिमुकल्याला किती सुखरूप नेता येतं यावर दिले आहेत.

मेट्रोचे मार्ग दोन. नारंगी मार्ग ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, ॲक्वा मार्ग प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. दोन्ही डिसेंबर २०२२ पासून पूर्ण लांबीने धावतात आणि सीताबर्डीला, म्हणजे मुंजे चौकातल्या स्टेशनवर, एकमेकांना छेदतात. तिथे दोन मार्गांचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. मूल सोबत असताना गाडी बदलायची तर सरकता जिना सोडून लिफ्टच घ्यावी. दोन मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

सरकत्या जिन्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मऊ रबरी सँडल आजकाल प्रत्येक लेकराच्या पायात असते. पायरी आणि बाजूची भिंत यांच्यात बारीक फट असते. मऊ रबर तिथे घासलं की पकडलं जातं, आत ओढलं जातं आणि त्यासोबत बोटंही जातात. वरच्या टोकाला पायऱ्या जिथे दात्यांखाली शिरतात तिथेही तेच होतं, खास करून मूल पाय न उचलता उभं राहिलं तर. त्यामुळे लहानग्याला पायरीच्या मधोमध उभं करावं, त्याचा एक हात आपल्या हातात ठेवावा आणि टोक आलं की "आता मोठं पाऊल" असं मोठ्याने सांगावं. कडेवर घेऊन सरकत्या जिन्यावर चढणं टाळा. तोल गेला तर दोघंही पडतात. जिन्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लाल बटण असतं. काही अडकलं तर ओढाओढी करण्याआधी ते दाबायचं.

तिकिटाच्या फाटकात दुसरी अडचण येते. मेट्रोच्या नियमाप्रमाणे मोठ्यांसोबत असलेल्या तीन फुटांपर्यंत उंचीच्या मुलाला तिकीट लागत नाही. पण फाटकाच्या झडपांना ते कळत नाही, त्या एका तिकिटाला एक माणूस धरतात. आई पुढे निघाली आणि लेकरू मागून धावलं, तर झडपा नेमक्या त्याच्या तोंडासमोर मिटतात. म्हणून मूल पुढे, अगदी आपल्या पोटाला चिकटून, आणि मग कार्ड किंवा तिकीट लावायचं. बाबागाडी असेल तर रुंद फाटकाकडे जा. तपासणीच्या यंत्रात बॅग टाकताना हात सुटतो आणि तेवढ्यात मूल पळतं. सोबत दोघं असाल तर एकाने बॅगा आणि दुसऱ्याने फक्त मूल, अशी वाटणी घरूनच करून निघा.

फलाटावर गाडी आणि माणसं यांच्यामध्ये काचेची भिंत नाही, पिवळी पट्टी आहे. पट्टीपासून दोन पावलं मागे, मूल भिंतीच्या बाजूला आणि आपण रुळाच्या बाजूला, असं उभं राहायचं. गाडी थांबल्यावर आतली माणसं उतरू द्यायची, मग आधी मोठ्याचं पाऊल आत आणि हात धरलेलं मूल लगेच मागे. दार बंद होण्याची सूचना सुरू झाली असेल तर ती गाडी सोडून द्या. पुढची येतेच. आत गेल्यावर लेकरं दाराच्या काचेला हात टेकून बाहेर बघत उभी राहतात. दार उघडताना पाखं बाजूच्या खाचेत सरकतात, त्यामुळे स्टेशन जवळ आलं की त्यांची बोटं काचेवरून काढायला लावायची.

फुगे घेऊन स्टेशनवर जाऊ नका, विशेषतः चमकीचे. मेट्रोच्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा प्रवाह असतो, आणि चमकीच्या फुग्याचा पत्रा वीज वाहून नेतो. हीच गोष्ट पतंगाची.

ताटातूट झाली तर काय करायचं, हे घरी दोनदा घोकून घ्या. फलाटावर राहिलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा. गाडीत राहिलास तर पुढच्या स्टेशनवर उतर आणि तिथेच थांब, मी येतो. चार वर्षांच्या मुलाला एवढी दोन वाक्यं पाठ होतात. त्याहून लहान असेल तर नाव न लिहिता फक्त आपला मोबाईल नंबर एका चिठ्ठीवर लिहून ती खिशात, पिन लावून. मोठ्याने करायचं ते एकच: लगेच स्टेशनच्या कर्मचाऱ्याला सांगणं, म्हणजे पुढच्या स्टेशनवर निरोप जातो. मदतीसाठी ११२, आणि मुलांसाठी १०९८.

आता ठिकाणं. मेट्रोने जाऊन बघण्याजोगी सगळ्यात सोपी जागा खरं तर मेट्रोच आहे. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटर लांबीचा दुमजली पूल आहे: खाली जुना रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. गड्डीगोदामला तर रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो. वरून खालची मालगाडी दिसली की पाच वर्षांचं पोर खिडकी सोडत नाही. भर उन्हाच्या दिवशी खापरीपर्यंत जाऊन परत येणं ही एक पूर्ण सहल होते. ॲक्वा मार्गावर सुभाष नगरच्या बाजूला अंबाझरी तलाव दिसतो, तोही गाडीतूनच पाहून घ्या. पावसाळ्यात काठावर मुलांना नेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये हाच तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं.

महाराजबाग हे लहानग्यांचं लाडकं ठिकाण, कृषी विद्यापीठाचं प्राणिसंग्रहालय. सीताबर्डी किंवा झाशी राणी चौक स्टेशनवरून मोठ्या पावलांनी दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे चिमुकल्या पावलांनी पाऊण तास धरा आणि ऑटो करा. पायी जायचंच असेल तर चौक ओलांडताना मूल कडेवर घ्या. वळणारी दुचाकी आपला चालण्याचा सिग्नल हिरवा असतानाही येते, आणि तीन फुटांचं मूल चालकाला गाड्यांच्या आडून दिसत नाही. पिंजऱ्यापुढच्या कठड्यावर मुलाला बसवून फोटो काढणं हा तिथला सर्रास प्रकार आहे. कठडा बसायला नसतो, प्राणी आणि माणूस यांच्यात अंतर ठेवायला असतो. मूल खांद्यावर घ्या, तेवढंच दिसतं. महाराजबाग सोमवारी बंद असते. अजब बंगलाही सोमवारीच बंद. १८६३ सालचं हे संग्रहालय मुलांना त्यातल्या प्राण्यांसाठी आवडतं. झिरो माईलचा दगडी खांब आणि ते चार घोडे याच भागात आहेत, पण खांब रहदारीला लागून आहे. तिथे हात सोडू नका, पाहून लगेच निघा.

सोमवारची सुटी मिळाली तर रमण विज्ञान केंद्र गाठा. जवळचं स्टेशन कॉटन मार्केट. नाव कापसाचं असलं तरी बाजार भाजीचा. सकाळी हातठेले, मालाचे टेम्पो आणि ओल्या पाल्याने निसरडा झालेला रस्ता असतो. दहानंतर जा आणि स्टेशनपासून ऑटोनेच जा. तारांगणात पूर्ण अंधार होतो. तीन वर्षांखालची लेकरं दचकून रडतात, त्यामुळे दाराजवळची जागा घ्या. समोरच्या गांधीसागराच्या काठी मात्र भूक लागलेल्या, चिडलेल्या मुलाला नेऊ नका. पाण्याजवळ हात सुटायला एक हिसका पुरतो.

फुटाळा तलाव, जपानी गार्डन आणि सेमिनरी हिल्सकडे मेट्रो जात नाही. फुटाळ्याला संध्याकाळी दुचाक्यांची एवढी वर्दळ असते की काठावर बाबागाडी चालवणं आम्हाला पटत नाही. सकाळी सातला गेलात तर तोच काठ छान. गोरेवाड्याची सफारी २०२१ साली सुरू झाली, तीही सोमवारी बंद. बसमधून प्राणी बघायचे असतात आणि मधे उतरता येत नाही, म्हणून चढण्याआधी मुलाला शौचालयात नेऊन आणा. "नाही लागली" म्हणालं तरी नेऊन आणा.

बागेतल्या खेळण्यांबद्दल एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. लहानग्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून घसरणं सुरक्षित वाटतं, पण उलट आहे. मुलाचा बूट कडेला अडकतो, मोठ्याचं वजन खाली जात राहतं आणि नडगीचं हाड मोडतं. मूल एकटं घसरलं तर पाय अडकल्यावर ते थांबतं. मोठी घसरगुंडी झेपत नसेल तर छोटी शोधा, आणि आपण खाली उभं राहा. झोपाळ्यासमोरून पळणाऱ्या पोरांना फळी डोक्यात लागते, म्हणून चालू झोपाळ्यापासून दोन मोठी पावलं लांब. उन्हासाठी गुंडाळलेल्या दुपट्ट्याची टोकं घसरगुंडीवर, चकरीवर आणि दुचाकीच्या चाकात अडकतात. खेळायला सोडण्याआधी दुपट्टा काढून पिशवीत.

नागपूरच्या उन्हाला वेगळा परिच्छेद हवाच. मार्चअखेरपासून मृगापर्यंत, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, तर हटकून, सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी सहाआधी बागेत मूल नेऊ नये. पत्र्याची घसरगुंडी आणि लोखंडी साखळी आपल्या हाताच्या पालथ्या बाजूने पाच सेकंद धरून बघा. आपल्याला सहन होत नसेल तर लेकराच्या मांडीला नक्कीच होणार नाही. खिशात कांदा ठेवा, काही बिघडत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका. दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी, सोबत पन्हं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात अंदाजाने घातलं तर मीठ जास्त होतं आणि जुलाब असतील तर ते वाढतात. छोटं पाकीट किती पाण्याचं ते त्यावर छापलेलं असतं, वाचून घ्या. मूल चिडचिडं होतं, मग गप्प होतं, अंग तापतं, सहा तास लघवी होत नाही: ही ऊन लागल्याची खूण. सावली, ओलं फडकं, वारा. गुंगी आली किंवा झटका आला तर वाट न बघता १०८.

घर ते स्टेशन हा टप्पा बहुतेक घरांत गाडीवर, म्हणजे स्कूटीवर, होतो, आणि सगळ्यात जास्त हलगर्जी इथेच होते. मूल पुढे पायरीवर उभं, हात आरशावर. अचानक ब्रेक लागला की त्याचा चेहरा हँडलवर आदळतो. केंद्राच्या नियमाप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाला बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको. डिसेंबर-जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, पुढे उभ्या लेकराच्या गळ्याच्या उंचीवरच मांजा येतो. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो आकाशात असतोच. त्या दोन महिन्यांत स्टेशनपर्यंतसुद्धा ऑटो घ्या. ऑटोत मूल दोघांच्या मधे बसवा, चालकाशेजारी अजिबात नाही, आणि उतरताना फक्त डाव्या बाजूने.

परतीच्या गाडीत मूल बहुधा झोपलेलं असतं. झोपलेल्या लेकराचं डोकं सैल असतं आणि आपल्याला पायाखालचं दिसत नाही. स्टेशनवर लिफ्ट घ्या, बॅग सोबतच्याकडे द्या, आणि स्कूटी स्टेशनच्या पार्किंगमध्ये राहिली असेल तर एकाने ती घरी न्यावी. मूल घेऊन दुसऱ्याने ऑटोने यावं.