पासे सँप्ल आणि लाल बेशरेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्रेंचची बी-वन (मध्यम) पातळी झाली, हौसेनं कादंबरी उघडली की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: पासे सँप्ल, म्हणजे लिखित कथनातला साधा भूतकाळ. वर्गात पासे कोंपोझे (बोलण्यातला भूतकाळ) घोटून घेतलेला असतो, अँपारफे (अपूर्ण भूतकाळ) समजलेला असतो, आणि पुस्तकात मात्र फ्यू, व्हँ, नाकी, व्हेक्यू अशी अनोळखी रूपं समोर येतात. रोजच्या बोलण्यात हा काळ कुणी वापरत नाही, त्यामुळे तो कानावरही पडलेला नसतो. कथा, कादंबरी, चरित्र, इतिहास, अगदी लहान मुलांच्या गोष्टीसुद्धा सहसा त्यावाचून पुढे सरकत नाहीत. कामूची ‘लेत्रांझे’ (१९४२) ही कादंबरी नवशिक्यांच्या हाती देतात, कारण ती मुख्यतः पासे कोंपोझेत आहे. ती संपवून दुसरं पुस्तक घेतलं की खरी परिस्थिती कळते.

मला ज्यूल व्हेर्नची ऐंशी दिवसांची जगप्रदक्षिणा मुळातून वाचायची होती. त्यात मुंबई आहे, नायकाचा नोकर पासपार्तू बूट न काढता मलबार हिलवरच्या देवळात शिरतो तो प्रसंग आहे, आणि तो व्हेर्नच्या शब्दांत वाचायची फार इच्छा होती. त्यासाठी बेशरेल घेतलं. गेले बरेच महिने ते टेबलावर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बेशरेल म्हणजे क्रियापदांच्या रूपांचं लाल पुस्तक. एकोणिसाव्या शतकातल्या लुई-निकोला बेशरेल या व्याकरणकाराच्या नावानं आतिए ही प्रकाशनसंस्था ते काढते. मूळ खटाटोप त्याचा आणि त्याच्या भावाचा. त्यांनी १८४२ साली आठ हजार क्रियापदांचा कोश छापला होता. आजच्या पुस्तकाची रचना अशी: मागे क्रियापदांची लांबलचक सूची, प्रत्येकापुढे एक क्रमांक, त्या क्रमांकाचं पान उघडलं की नमुन्याचं क्रियापद सगळ्या काळांत चालवून दाखवलेलं. साधे काळ आणि संयुक्त काळ शेजारी शेजारी असल्यामुळे पासे सँप्लच्या बाजूलाच पासे आंतेरिअर (त्याच्या लगेच आधी घडलेल्या गोष्टीचा काळ) दिसतो. ही मांडणी मला फार उपयोगी पडली, कारण पुस्तकांत ते दोघं एकमेकांना धरूनच येतात.

कुठल्याही रूपकोशाची एक मर्यादा मात्र घेण्याआधी माहीत असू द्या. सूची मूळ क्रियापदावरून लावलेली असते, आणि वाचणाऱ्याला भेटतं ते रूप. ‘नाकी’ हे ‘नेत्र’ म्हणजे जन्मणे या क्रियापदाचं रूप आहे हे माहीत असेल तरच ते सूचीत सापडणार. लिहिणाऱ्यासाठी ही रचना उत्तम, वाचणाऱ्याला उलट्या दिशेची वाट हवी असते. तिथे फ्रेंच विक्शनरी कामाला येते, कारण तिच्यात रूपांचीही स्वतंत्र पानं असतात. ‘नाकी’ टाकलं की ती ‘नेत्र’कडे नेते, मग तक्ता बेशरेलमध्ये पाहायचा. माझं वाचन या जोडीवर चालतं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो देवनागरीत केलेल्या वहीचा. फ्रेंच शब्दांच्या शेवटची मुकी अक्षरं पाहून डोळे दमतात. तीच रूपं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली की सांगाडा उघडा पडतो. एकवचनी तृतीय पुरुषाचे शेवट मोजून चारच: आ, ई, यू, अँ. पार्ला (बोलला), फिनी (संपवलं), क्र्यू (वाटलं), व्हँ (आला). अनेकवचनात त्यांना ‘र’ जोडायचा: फिनीर, क्र्यूर, व्हँर. फक्त ‘आ’वाल्यांत स्वर बदलतो, पार्लाचं पार्लेर होतं. ‘अँ’चा गट तर अगदी लहान, येणे आणि धरणे या दोन क्रियापदांचा आणि त्यांना उपसर्ग लागून झालेल्यांचा. वर्तमानकाळात ज्यानं छळलेलं असतं ते ‘आले’, म्हणजे जाणे, इथे निमूटपणे पहिल्या गटात बसतं.

कोणतं क्रियापद कुठल्या गटात, याचा अर्धा उलगडा पासे कोंपोझेतून होतो. धातुसाधित ‘यू’नं संपत असेल तर पासे सँप्लही पुष्कळदा ‘यू’चाच असतो: इल आ ल्यू म्हणजे त्यानं वाचलं, तसंच पासे सँप्लमध्ये इल ल्यू, ब्यू, व्हुल्यू, कुर्यू, व्हेक्यू सगळे त्याच रांगेतले. ‘ई’नं संपत असेल तर ‘ई’: प्री (घेतलं), मी (ठेवलं), दी (म्हटलं). अपवाद महत्त्वाचे आहेत आणि ते पाठच करावे लागतात. पाहिलं हे ‘व्ह्यू’, पण त्यानं पाहिलं हे ‘व्ही’. विकलं हे ‘व्हांद्यू’, पण विकण्याचं रूप ‘व्हांदी’. आणि जन्म-मरण दोन्ही वेगळ्या वाटेनं जातात: नाकी आणि मुर्यू. याची मुळं लॅटिनमध्ये आहेत. पासे सँप्ल तिथल्या पूर्ण भूतकाळातून आलेला असल्यामुळे ‘फुइत’चं ‘फ्यू’ झालं आणि ‘मिसित’चं ‘मी’.

देवनागरी वही जिथे कमी पडते ती जागाही सांगते. प्रथम पुरुषात ‘झ पार्ले’ हे पासे सँप्ल आणि अँपारफे दोन्हींत ऐकायला जवळपास एकच, लिहिताना शेवटच्या एका ‘एस’चा फरक. आत्मकथनपर पुस्तकात त्या एका अक्षरावर ‘मी शिरले’ की ‘मी शिरत होते’ हे ठरतं. तिथे मूळ रोमन अक्षरंच पाहावी लागतात. तेच ‘फ्यू’चं. ‘यू’वर टोपी (^ हे चिन्ह) नसेल तर साधा भूतकाळ, टोपी असेल तर सब्जोंक्तिफ, म्हणजे इच्छा-शंका दाखवणारं रूप. काही रूपं तर लिहूनही वेगळी होत नाहीत. ‘व्ही’ म्हणजे जगतो किंवा पाहिलं, ‘प्ल्यू’ म्हणजे पाऊस पडला किंवा आवडलं, ‘फिनी’ आणि ‘दी’ वर्तमानातही तशीच. अशा ठिकाणी शेजारचं क्रियापद कोणत्या काळात आहे ते पाहावं, उत्तर सहसा तिथेच असतं.

आता अॅपबद्दल. सरावासाठी एक अॅपही बरेच आठवडे वापरलं आणि काढून टाकलं. तिन्ही पुरुषांची एकवचनी-अनेकवचनी सहाही रूपं ते सारख्याच वजनानं विचारत राहतं. ‘तू’ आणि ‘व्हू’ (तुम्ही) यांची पासे सँप्ल रूपं आजच्या पुस्तकात जवळपास भेटतच नाहीत. कादंबरीत भेटतो तो तृतीय पुरुष, आणि निवेदक स्वतः बोलत असेल तर प्रथम पुरुष. बाकीचं ओळखता आलं की झालं. फ्रान्समध्ये २०१६ साली लागू झालेल्या शालेय अभ्यासक्रमातही सुरुवातीचा भर तृतीय पुरुषावरच होता आणि त्यावरून तिथे बराच वाद झाला. तिथल्या मुलांनी सगळी रूपं शिकावीत हे मला पटतं, भाषा त्यांची आहे. आपण वाचायला शिकत असू तर तृतीय पुरुषापासून सुरुवात करणंच योग्य.

रूपं ओळखू लागल्यावर पुढची गोष्ट कळते, आणि मला तीच खरी कमाई वाटते. हे तीन-चार तुकडे पाहा: इल प्लव्हे. ला पोर्त सुव्री. यून फाम आंत्रा, सासी ए न दी रियँ. पाऊस पडत होता. दार उघडलं. एक बाई आत आली, बसली आणि काहीच बोलली नाही. पहिलं क्रियापद अँपारफेत, तो मागचा पडदा. पुढची चारही पासे सँप्लमध्ये, एकामागून एक, प्रत्येक घटना पूर्ण होऊन पुढची सुरू. ‘आंत्रा’च्या जागी अँपारफेतलं ‘आंत्रे’ घातलं की ती बाई रोज येणारी होते, नाहीतर अजून दारातच असते. हा फरक शब्दकोश लावून केलेल्या वाचनात निसटतो आणि प्रसंगांचा वेग हरवतो. पोर-रुआयाल या फ्रेंच मठाच्या १६६० च्या व्याकरणात तर हा काळ आजच्या दिवसाबाहेर घडून गेलेल्या गोष्टींसाठीच राखून ठेवला होता. हा नियम आता उरला नाही, पण घटना आपल्यापासून तुटून कथेत जाऊन बसली आहे ही जाणीव अजूनही या रूपांत आहे.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. ‘तो रोज देवळात जाई, दिवा लावी’ हे आपणही बोलत नाही, वाचताना मात्र लगेच गोष्टीत शिरतो. अर्थानं आपला रीतिभूतकाळ अँपारफेच्या जवळचा आहे, पण कागदावरचं त्याचं स्थान पासे सँप्लसारखं.

मलबार हिलचा प्रसंग गेल्या महिन्यात वाचला, सलग, एकाही रूपासाठी न थांबता. अडले ते कपड्यांच्या आणि बोटीवरच्या शब्दांवर.

घेणाऱ्यांसाठी थोडं. नवी प्रत आयात केलेली असल्यामुळे स्वस्त नसते. या कामापुरती जुनी आवृत्ती बेधडक घ्या. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेत बऱ्याच टोप्या गेल्या, पण पासे सँप्लच्या ‘नू’ (आम्ही) आणि ‘व्हू’ रूपांवरच्या तशाच ठेवल्या आहेत, त्यामुळे जुने तक्ते इथे चुकत नाहीत. ‘त्रेर’ (दूध काढणे) आणि त्याच्या भाऊबंदांच्या पानावर पासे सँप्लची जागा रिकामी दिसली तर तो छपाईचा दोष समजू नका, त्या क्रियापदांना हा काळच नाही. जुनी प्रत असेल तर पैसे देण्याआधी मागची सूची शेवटपर्यंत चाळून बघा. त्यातली पानं गळालेली असतील तर पुढचे तक्ते शोधायला काही आधार राहत नाही.