शिवभोजन थाळी, परळ: तीन दुपारी जेवून

माझे धाकटे दीर परळच्या एका इस्पितळात बारा दिवस होते. दुपारची पाळी माझी. घरून मऊ भात न्यायचा, त्यांना भरवायचं, औषधाची चिठ्ठी घेऊन खाली उतरायचं आणि मग स्वतःच्या पोटाचं बघायचं. त्या बारा दिवसांत मी तीनदा जवळच्या शिवभोजन केंद्रावर जेवले. केंद्र चालवणाऱ्या बाईंना त्रास नको म्हणून नेमकी जागा लिहीत नाही. त्या भागात कुणालाही विचारलं तर हात दाखवतात.

मी लालबागला ३१ वर्षं डबे केले. माझ्या आधी सासूबाईंची खानावळ होती, गिरणीतले गडी जेवायला असायचे. त्यामुळे ताट समोर आलं की माझी नजर आधी वरणाच्या दाटपणावर जाते, मग पोळीच्या काठावर.

सरकारनं ठरवून दिलेलं ताट असं आहे: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. दहा रुपये. पहिल्या दिवशी कोबी-बटाटा होता, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी मटकीची उसळ. ती मात्र मनापासून आवडली. मोड बोटभर नसले तरी नीट आलेले, दाणा शिजलेला पण फुटलेला नाही, रश्श्याला खोबऱ्याऐवजी कांदाच भाजून वाटलेला. एवढ्या पैशात खोबरं परवडणारच नाही, आणि जिनं कांदा इतका सबुरीनं भाजला तिला हात आहे. तिसऱ्या दिवशी दुधी आणि चणाडाळ. भात तिन्ही दिवस मोकळा, कणी नाही, वास नाही. वरण पहिल्या दिवशी पातळ होतं, वाटी तिरकी केली की पाणी पुढे आणि डाळ मागे. नंतरच्या दोन दिवसांत बरं होतं.

चपात्यांबद्दल मात्र तक्रार आहे. तव्यावरून काढून लगेच स्टीलच्या डब्यात दडपतात, मग वाफ धरते आणि चपाती चिवट होते. दात नसलेल्या माणसाला ती तुटत नाही. मी तिथल्या बाईंना सांगितलं, की आधी जाळीवर पसरा, वाफ जाऊ द्या, मग कापडात गुंडाळा. त्या म्हणाल्या, "मावशी, पसरायला जागा कुठाय?" खरंच नव्हती. चपाती ३० ग्रॅमची म्हणजे लहानच, माझ्या हातची ४० ची असायची. दोन चपात्या आणि एवढा भात अंगमेहनतीच्या माणसाला पुरत नाहीत. इस्पितळाच्या बाकावर रात्र काढलेल्या बाईला पुरतात.

आता तिथली एक गोष्ट जवळून सांगते. ताट देण्याआधी काउंटरवरची मुलगी मोबाइलमधल्या अॅपवर तुमचं नाव घालते आणि फोटो काढते. हिशेबासाठी ते लागतं, त्याशिवाय थाळीचं अनुदान धरत नाहीत. माझ्या पुढे एक आजोबा होते, सत्तरीचे असतील. फोटो काढायचा म्हटल्यावर त्यांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, टोपी पुन्हा सरळ घातली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि छाती पुढे काढून उभे राहिले. दहा रुपयांच्या जेवणासाठी. त्यांच्या मागच्या बाईनं उलट केलं, पदर पुढे ओढून नाकापर्यंत आणला. मुलगी तिला म्हणाली, "ताई, थोडा चेहरा दिसू द्या, माझं अडतं." तेवढंच. आवाज चढवला नाही, रेशनकार्ड मागितलं नाही, कुठून आलात, काय कमावता, काही नाही. योजनेत कागद मागायची अटच नाही, पण अट नसली तरी माणसं बोलून घेतातच. इथे कुणी बोललं नाही. या केंद्राचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ते याचं.

पंगतीत त्या पदरवाल्या बाईच्या शेजारी बसले. परभणीकडची. नवऱ्याला घेऊन आलेली, धर्मशाळेत उतरलेली. बोलता बोलता विषय पुढाऱ्यांवर गेला, कारण भिंतीवर योजनेचा फलक होता. तिनं फलकाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "द्यायलेत तर द्या म्हणावं. बोलून कशाला दाखवायलेत?"

तिच्या बोलण्यानं मला २०१३ चा जुलै आठवला. नियोजन आयोगानं दारिद्र्यरेषेचे आकडे काढले होते. शहरात दिवसाला ३३ रुपये ३३ पैसे आणि खेड्यात २७ रुपये २० पैसे, याच्या वर खर्च करणारा गरीब नव्हे. त्या हिशेबानं देशातली गरिबी २१.९ टक्क्यांवर आली असं जाहीर झालं. लोक चिडले, आणि त्या आकड्यांची बाजू सांभाळताना काँग्रेसचे प्रवक्ते, सिनेनट राज बब्बर म्हणाले, की मुंबईत आजही बारा रुपयांत पोटभर जेवता येतं, भात, डाळ-सांबार, थोडी भाजी. वडापाव नव्हे, जेवण, असंही त्यांनी स्पष्ट केलं. त्यांच्याच पक्षाच्या रशीद मसूद यांनी दिल्लीत जामा मशिदीजवळ पाच रुपयांत जेवण मिळतं म्हणून सांगितलं, आणि फारुख अब्दुल्लांनी तर एक रुपयापर्यंत खाली आणलं. बब्बरांनी दोन-तीन दिवसांत खेद व्यक्त केला.

तेव्हा माझा डबा ५० रुपयांचा होता. बँकेतला एक मुलगा माझ्याकडे दोन वर्षं जेवत होता, चांगल्या घरचा, पैशाला चोख. त्या आठवड्यात त्यानं डबा परत देताना हसत विचारलं, "काकू, बारा रुपयांत देता का आता?" तो थट्टा पुढाऱ्याची करत होता, माझी नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी रात्री वही काढून बसले. आमच्या धंद्यात हिशेब ताटाप्रमाणे लावतात, तसा लावला. चार पोळ्यांची कणीक साडेतीन रुपये. भात तीन. तूरडाळ सत्तरच्या घरात होती, वरणाला सव्वादोन. भाजी चार. तेल पावणेदोन. कांदा, मसाला, मीठ, कोथिंबीर मिळून अडीच. गॅस तीन. वीस रुपये झाले. यात माझी पहाटे चारपासूनची मेहनत नाही, भांडी घासणारीचा पगार नाही, डबा पोचवणाऱ्याचे पैसे नाहीत, खोलीचं भाडं नाही. ती वही अजून आहे माझ्याकडे.

राग आला तो बारा या आकड्याचा नव्हता. चुकीचा आकडा कुणीही सांगतो, बाजारात गेला नाही तर माणसाला भाव कसे कळणार? राग याचा, की मुंबईत बारा रुपयांत पोट भरतं म्हटलं की ज्याचं भरत नाही तो ढोंगी ठरतो, आणि जी ५० रुपये घेते ती लुटारू ठरते. वाक्य एकच, पण जेवणारा आणि वाढणारा दोघांच्याही तोंडावर मारलेलं. पुढच्या वर्षी बब्बर गाझियाबादला लोकसभा हरले. ती हार काही बारा रुपयांची नव्हती, तेव्हा त्यांचा अख्खा पक्षच पडला होता. पण आमच्या चाळीत त्या माणसाचे सिनेमे ज्यांनी रांगा लावून बघितले होते, त्या बायका आजही नाव निघालं की आधी "बारा रुपये" म्हणतात, मग सिनेमा. नंतरच्या खेदाची तर कुणालाच आठवण नाही.

जानेवारी २०२० मध्ये हीच शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा मी पेपरात एक आकडा वाचला आणि कापून ठेवला. शहरात एका थाळीचा खर्च सरकारनं ५० रुपये धरला होता, गावात ३५. गिऱ्हाइकाकडून दहा घ्यायचे, उरलेले ४० किंवा २५ सरकार केंद्राला देणार. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, एवढ्याचे ५०. सरकारी कागदावर. मला कुणीतरी सात वर्षांनी माझ्या वहीवर सही करून दिल्यासारखं वाटलं. करोनात याच थाळीचे पाच रुपये झाले, २०२१ मध्ये काही महिने ती फुकटही दिली. तेव्हा ज्यांनी ज्यांनी चुली चालू ठेवल्या त्या सगळ्यांना माझा नमस्कार.

या थाळीच्या जन्माच्या वेळचंही एक बोलणं आहे. २०१९ च्या विधानसभेला शिवसेनेनं दहा रुपयांत जेवणाचं वचन दिलं, तेव्हा शरद पवार प्रचारात म्हणाले, की राज्य चालवायचंय की स्वयंपाक करायचाय? सभेत हशा पिकला असणार. पवारसाहेबांना माणसांची भूक कळत नाही असं मी म्हणणार नाही, तो टोला विरोधकाला होता. आणि पुढे चार महिन्यांत त्यांचाच पक्ष त्या सरकारात होता ज्यानं थाळी सुरू केली, हेही खरं. पण स्वयंपाक म्हणजे हलकं काम, राज्य म्हणजे मोठं, हे त्यात होतंच. मला ते लागलं. गिरणगावात हजारो माणसं कामावर उभी राहत होती ती खानावळवाल्या बायकांच्या जिवावर. त्याच बायकांना घेऊन प्रेमाताई पुरवांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. स्वयंपाक हे राज्य चालवण्याइतकंच अवघड आहे असं मी कुणाही पुढाऱ्याला तोंडावर सांगेन.

त्याच्याही आधीची १९९५ ची एक रुपयाची झुणका-भाकर माझ्या पिढीला चांगली आठवते. घोषणा इतकी गोड होती की लोकांनी मनापासून टाळ्या दिल्या. मग हळूहळू भाकर गेली आणि टपऱ्या उरल्या. त्या टपऱ्यांवर लोक जे बोलायचे ते भाषण करणाऱ्यांच्या कानावर गेलं असतं तर बरं झालं असतं.

आणि आता आताचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे बोलून गेले, की भिकारीही एक रुपया घेत नाही, आम्ही एक रुपयात पीकविमा देतो. जूनमध्ये भाजपचे आमदार बबनराव लोणीकरांनी परतूरला टीका करणाऱ्या पोरांना सुनावलं, की तुमच्या अंगावरचे कपडे, पायातल्या चपला, हातातला मोबाइल आमच्या सरकारमुळे आहे. परभणीच्या त्या बाईच्या बोलण्याचा रोख कुणावर होता ते मी विचारलं नाही. परतूर तिच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातलं. तिच्या घरात कुणाच्या तरी हातातल्या मोबाइलवर ते भाषण वाजलंच असेल.

दिलेलं असं बोलून दाखवणं, याला आमच्याकडे खाल्लेलं काढणं म्हणतात. लेकीच्या सासरी, भावजयीच्या घरी, कुठेही, एकदा कुणी खाल्लेलं काढलं की त्या घरचं पाणीसुद्धा नको वाटतं, मग त्यांनी आधी कितीही केलेलं असो. सासूबाई उधारी थकलेल्या गड्याला महिनाअखेरीस बाहेर बोलावून सांगायच्या, ताटावर कधीच नाही. १९८२ च्या संपात आमची उधारी किती थकली ते मी इथे लिहिणार नाही, पण ते गडी पुढे गावी गेले तरी त्यांच्या घरून गणपतीला तांदूळ यायचे. मतं मागणाऱ्यांना हे कसं कळत नाही? योजनेचं नाव लोक विसरतात, पैसे किती आले तेही विसरतात, पण कुणी काय ऐकवलं ते मरेपर्यंत लक्षात ठेवतात. परभणीची ती बाई थाळीला नावं ठेवत नव्हती. ताट तिनं पुसून खाल्लं, वाटी पाण्यानं विसळून प्यायली.

तर केंद्राबद्दल थोडं उरलंय ते सांगते. वेळ ११ ते ३. प्रत्येक केंद्राला रोजच्या थाळ्यांचा आकडा ठरवून दिलेला असतो, तो संपला की संपलं. हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. कळल्यावर मी पुढच्या दोन्ही वेळी पावणेदोननंतर गेले, रांग ओसरल्यावर, आणि आधी विचारून घेतलं, की उरणार असेल तरच द्या. ज्याच्या खिशात बाहेर जेवायला पैसे आहेत त्यानं एवढं करावं असं मला वाटतं. रुग्णाबरोबर बाहेरगावहून आला असाल तर साडेबाराच्या आत जा. पार्सल देत नाहीत, तिथेच बसून जेवायचं. पाण्याचा माठ आहे, पण पेले कमी पडतात, बाटली जवळ ठेवा. हात धुवायचा नळ आत डाव्या बाजूला आहे आणि त्याला साबण तिन्ही दिवस होता. चपाती चावत नसेल तर काउंटरवर हळू सांगा, तिच्या जागी भात वाढतात, आणि मोठ्यानं विचारत नाहीत.